टूलचं वर्णन: डॉकस्ट्रिंगमधून उचललेलं की हाताने लिहिलेलं?

एजंटला (म्हणजे भाषा मॉडेलवर चालणाऱ्या, स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला) टूल, म्हणजे त्याने बोलवायचं फंक्शन, द्यायचं तर नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कुठली माहिती कुठल्या रूपात हवी याचा साचा) द्यायचा, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. घोळ होतो तो वर्णन कुठून आणायचं यावर. फास्टएमसीपीसारखी, टूलं बनवून देणारी लायब्ररी घेतली तर ती पायथन फंक्शनची डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या आतच लिहिलेलं त्याचं वर्णन) उचलते, टाइप हिंटवरून (इनपुट कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या खुणांवरून) स्कीमा बनवते आणि काम झालं. नाहीतर हे मॉडेल वाचणार आहे असं धरून प्रत्येक टूलचं वर्णन स्वतः लिहीत बसायचं. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी डॉकस्ट्रिंगची बाजू, कारण तिला लोक उगाच नावं ठेवतात. कोड आणि वर्णन एकाच जागी राहतं, त्यामुळे एक बदलताना दुसरं डोळ्यासमोर असतं. हाताने लिहिलेलं वर्णन शिळं होतं आणि शिळं झाल्याचं कुणाला कळत नाही. आमच्याच एका टूलमधला पॅरामीटर काढून टाकला, पण वर्णनात त्याचा उल्लेख बरेच दिवस तसाच होता. शिवाय लांब वर्णन फुकट नसतं. टूलच्या व्याख्या दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि त्यांचे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) मोजले जातात. मराठीत लिहिलं तर आणखी जास्त. म्हणून मी वर्णन इंग्रजीत लिहितो आणि उदाहरणं तेवढी मराठी ठेवतो.

इतकं सगळं डॉकस्ट्रिंगच्या बाजूने असूनही माझं मन फिरलं ते एका तारखेमुळे.

एका ट्रॅव्हल्सच्या बुकिंगसाठी एजंट बनवत होतो. काउंटरवरची मंडळी मराठीत मेसेज टाकणार, एजंट बुकिंग शोधून देणार. शोधायच्या टूलच्या डॉकस्ट्रिंगमध्ये तारखेपुढे फक्त ‘प्रवासाची तारीख’ लिहिलं होतं. माणसाला तेवढं पुरतं, मलाही पुरलं होतं. काउंटरवरून आलं, ‘5/6 च्या गाडीला किती सीट गेल्या?’ एजंटने कधी 5 जून धरला, कधी 6 मे. 6 मे उलटून गेलेला, पण टूलने एरर दिली नाही. तारीख वैध होती, त्या दिवसाची बुकिंगं केव्हाच अर्काइव्हमध्ये गेली होती, म्हणून रिकामी यादी परत आली. एजंटने अगदी नम्रपणे सांगितलं की एकही बुकिंग नाही. गाडी अर्धी भरलेली होती.

लॉगमध्ये सगळं हिरवंगार. एरर आली असती तर मी तासाभरात पकडलं असतं. इथे तीन दिवस डेटाबेसला शिव्या घालत होतो.

आणि मग ‘परवा’. ‘परवाचं तिकीट रद्द करा’ यातला परवा मागचा की पुढचा, हे आपल्याला बोलण्याच्या ओघात कळतं. ‘तारीख, स्ट्रिंग’ एवढ्यावर मॉडेलने काय ते ठरवावं?

मग बसून लिहिलं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, जसं 2025-06-05. इथले लोक दिवस आधी लिहितात, म्हणजे 5/6 हा 5 जून. ‘परवा’ दोन्हीकडे जातो. नक्की कळत नसेल तर आधी विचारावं. आणि रिकामी यादी आली म्हणजे बुकिंग नाहीच असं नव्हे, जुन्या तारखांसाठी अर्काइव्हचं टूल वेगळं आहे. हे शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. फंक्शन काय करतं हे डॉकस्ट्रिंग सांगते. ते कधी वापरू नये, हे तिच्यात लिहायची आपल्याला सवयच नसते. अँथ्रॉपिकच्या (क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या) दस्तऐवजात प्रत्येक टूलसाठी किमान 3-4 वाक्यं लिहा असा सल्ला आहे. तो मी आधी वाचला होता आणि अघळपघळ म्हणून सोडून दिला होता.

मोजमाप केलेलं नाही, तेव्हा माझं बोलणं बेतानेच घ्या. एवढंच सांगतो की त्यानंतर 5/6 ची तक्रार पुन्हा आली नाही. आजची तारीख सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत) घातली, त्याचाही हातभार असणार. ती मॉडेलला आपसूक कळत नाही, वर्णन कितीही चांगलं असलं तरी. आणि जे स्कीमात बसतं ते वर्णनात कोंबू नका. सीटचा प्रकार स्लीपर की सीटर, यासाठी ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) पुरतो.

तुमची टूलं फक्त वाचणारी असतील, नावं एकमेकांसारखी नसतील आणि वापरणारे तुमच्याच टीममधले असतील, तर डॉकस्ट्रिंगवर खुशाल राहा. माझीही निम्मी टूलं अजून तशीच आहेत. पण समोर बाहेरची माणसं आणि हातात रद्द करणारं, पैसे परत देणारं टूल असेल, तर मी तरी ते हाताने लिहिल्याशिवाय सोडत नाही. फास्टएमसीपीच्या डेकोरेटरमध्ये (फंक्शनच्या वर लिहायच्या, त्याला टूल बनवणाऱ्या ओळीत) वर्णन वेगळं देता येतं, त्यामुळे डॉकस्ट्रिंग माणसांसाठी तशीच राहते. शिळं होण्याचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. त्यावर इलाज म्हणून पॅरामीटर बदलणाऱ्यानेच वर्णन वाचून दाखवायचं, असं रिव्ह्यूमध्ये ठरवलंय, आणि दर वेळी कुणीतरी कुरकुरतंच.