पोचलेले डबे स्वस्तात घ्यावेत का? पेनसिल्व्हेनियातला काही महिन्यांचा अनुभव

घ्यावेत, पण पोचा कुठे आहे ते बघून. गेले सातआठ महिने आमच्या घरातले डबाबंद पदार्थ बहुतेक लँकास्टर काउंटीतल्या 'बेंट अँड डेंट' दुकानांतून येतात. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी हमखास विचारतं, "अगं, ते खायला भीती नाही वाटत?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ही दुकानं बरीचशी आमिश आणि मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथांतल्या कुटुंबांची. मोठ्या सुपरमार्केटला नको असलेला माल तिथे येतो: पोचे पडलेले डबे, खोकं फाटलेलं सीरियल, तारीख उलटत आलेली बिस्किटं. काबुली चण्यांचा जो डबा एरवी डॉलरच्या आसपास मिळतो तो इथे निम्म्यात मिळतो. आमच्याकडे छोले, राजमा, टोमॅटो, अननस सतत लागतं, त्यामुळे महिन्याच्या बिलात फरक लगेच दिसला. तारखेचं मी फार मनावर घेत नाही. लहान बाळांचं फॉर्म्युला दूध सोडलं तर अमेरिकेत डब्यावरची तारीख चवीची आणि दर्जाची असते, सुरक्षिततेची नसते. पोच्याचं मात्र तसं नाही.

डबा भरून, बंद करून मग तापवतात. कमी आंबट पदार्थांसाठी हे तापमान साधारण 121 अंश सेल्सिअस असतं. आतले जंतू तिथेच संपतात. पुढे सगळी भिस्त एकाच गोष्टीवर, बाहेरचं काही आत जाऊ नये. ते राखते डब्याची कड. झाकणाचा पत्रा आणि डब्याच्या अंगाचा पत्रा तिथे एकमेकांत दुमडून दाबलेला असतो, एकूण पाच थर. पोचा या कडेवर किंवा उभ्या जोडावर असेल तर केसाएवढी फट पडू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मधल्या अंगावरच्या उथळ पोच्यात पत्रा नुसता वाकलेला असतो, फाटलेला नसतो.

फट काय करू शकते याची उदाहरणं आहेत. 1964 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला टायफॉइडची मोठी साथ आली, चारशेहून जास्त लोक आजारी पडले. कारण निघालं अर्जेंटिनाहून आलेलं डबाबंद कॉर्न्ड बीफ. कारखान्यात तापलेले डबे नदीच्या अशुद्ध पाण्यात गार केले होते आणि ते पाणी आत शिरलं. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला सामन माशाच्या एका डब्यातून चौघांना बॉट्युलिझम झाला, म्हणजे जंतूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार, आणि त्यातले दोघे गेले. त्या डब्यालाही बारीक भोक होतं. दोन्ही ठिकाणी गडबड कारखान्यातली, दुकानात डबा आपटल्याची नव्हे. पण आत शिरायला किती थोडी जागा पुरते ते यावरून कळतं.

म्हणून दुकानात प्रत्येक डबा हातात घेऊन बघते. अमेरिकेच्या कृषी खात्याची साधी खूण आहे: पोच्यात बोट बसत असेल तर तो खोल समजायचा आणि डबा टाकून द्यायचा. टोकदार घडी पडलेला पोचाही नको. मग वरच्या आणि खालच्या कडेवरून नख फिरवते, कुठे अडलं की डबा परत फळीवर. झाकण अंगठ्याने दाबून बघते. टक्कन आवाज होऊन आत जात असेल, परत वर येत असेल किंवा डबा फुगलेला असेल, तर तो कितीही स्वस्त असो, घ्यायचाच नाही. कडेला गंज किंवा ओघळलेलं वाळून चिकटलं असेल तरी नाही. एका दुकानात तर फुगलेले डबे फळीवर सर्रास मांडलेले बघितले. मी मालकिणीला दाखवले, तिथून बाहेर पडले आणि पुन्हा गेले नाही. असा माल बाजूला काढायची तसदी जे घेत नाहीत, त्यांच्याकडून खायचं काही घेऊ नये.

आता आंबट आणि बिनआंबट. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. बॉट्युलिझमचा जंतू 4.6 पेक्षा कमी पीएचमध्ये वाढत नाही. अननस आणि आमरस त्या रेषेच्या आत बसतात, टोमॅटोही डबाबंद करताना आंबटपणा राखूनच भरतात. छोले, राजमा, मका, मश्रूम, मासे हे सगळे रेषेबाहेरचे. पण आंबटाची दुसरी भानगड असते. पोचा पडला की आतल्या अस्तराला तडा जाऊ शकतो आणि मग आंबट रस पत्र्याला लागतो. एक टोमॅटोचा डबा बरेच दिवस कपाटात मागे राहिला होता. उघडला तेव्हा नेमक्या पोच्याच्या जागी आतून काळपट राखाडी डाग होता आणि रसाला लोखंडाची चव. तो फेकला. तेव्हापासून आंबट डबे आणले की त्याच पंधरवड्यात संपवते.

कोणी म्हणेल, आपण उसळ, छोले उकळतोच की! दहा मिनिटं खळखळ उकळल्याने बॉट्युलिनम विष मोडतं हे खरं. तरी संशयाचा डबा उकळून खपवणं मला अजिबात पटत नाही. या विषाला वास नसतो, चव नसते, डबा दरवेळी फुगतोच असंही नाही. दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं साधारण 12 ते 36 तासांनी सुरू होतात, तेव्हा थेट इमर्जन्सी गाठायची. संशय आलेला डबा चाखून तर कधीच बघू नये. न उघडता पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा, लहान मुलं आणि कुत्रीमांजरं पोहोचणार नाहीत असा.

मासे आणि मांस पोचलेल्या डब्यातलं मी घेतच नाही. वाचणारे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. मश्रूम आणि मकाही टाळते, कारण आमच्याकडे ते सॅलडमध्ये न शिजवताच जातात.

सगळ्यात फायदा झाला तो आमरसात. हा 'बेंट अँड डेंट'मध्ये क्वचितच दिसतो, पण आपल्या इंडियन ग्रोसरीवाल्याकडे केशर किंवा हापूसच्या 850 ग्रॅमच्या डब्यांत चेपलेले निघतातच. पाडव्याच्या सुमारास विचारलं तर तो स्वस्तात देतो. कड साबूत असेल तर बिनधास्त घ्या, घरी लगेच उघडून काचेच्या बरणीत काढा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. लँकास्टरला जाणार असाल तर शनिवारी जा आणि रोख पैसे ठेवा, काही दुकानांत कार्ड चालत नाही आणि आमिश दुकानं रविवारी बंद असतात.