नासाचा फर्म्स नकाशा, माळावरच्या वणव्यासाठी: 5 पैकी साडेतीन

सॅटेलाइटला कुठं आग दिसली ते लाल ठिपक्यांनी दाखवणारा हा नकाशा. फुकट आहे, नुसतं बघायला लॉगिनचा ताप नाही, मोबाईलवरही उघडतो, त्यामुळे तक्रार करायला तसं तोंड नाही. पण माळरानासाठी वापरणार असाल तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या, कारण लाल ठिपका दिसला रे दिसला की ग्रुपवर 'नान्नजला (सोलापूरजवळचा माळ) वणवा' म्हणून स्क्रीनशॉट फिरायला लागतो, आणि ठिपका निघतो कुणाच्या तरी उसाच्या फडातला, पाचट पेटवलेलं. सॅटेलाइटला फक्त उष्णता कळते हो, ऊस का कुसळ ते त्याला काय माहीत. ठिपक्याखाली शेत आहे का माळ, हे सॅटेलाइट फोटोचा लेयर लावून आपणच बघायचं.

ठिपक्यावर टॅप केलं की वेळ, सॅटेलाइटचं नाव, खात्री किती आणि आगीची ताकद मेगावॅटमध्ये येते. सॅटेलाइटवरच्या व्हीर्स सेन्सरचा एक पिक्सेल 375 मीटरचा, म्हणजे साधारण 35 एकर, आणि ठिपका असतो त्या पिक्सेलच्या मध्यावर. आग त्यात कुठंही असू शकते आणि कितीही लहान असू शकते, म्हणून एक ठिपका म्हणजे 35 एकर जळालं असा हिशोब कृपया लावू नका. मोडिस या जुन्या सेन्सरचा पिक्सेल तर 1 किलोमीटरचा, जुना रेकॉर्ड बघायला ठीक (2000 पासूनचा आहे, हे मात्र भारी), रोजच्या कामाला व्हीर्सच घ्या.

खरी अडचण वेळेची आहे. व्हीर्सवाले सॅटेलाइट दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. माळावरचं गवत मार्चमध्ये इतकं वाळलेलं असतं की तीनला कुणी काडी टाकली आणि वारा असला तर पाचपर्यंत सगळं काळं होऊन विझलेलं पण असतं, आणि नकाशावर काहीच नाही! जंगलात ओंडके रात्रभर धुमसतात ते सापडतात, गवताचं तसं नाही. त्यामुळे ठिपका नाही म्हणजे आग लागली नाही, असं बिलकुल समजू नका. शिवाय डेटा यायला तीनेक तास जातात, तेव्हा हे बघून झाडाच्या फांद्या घेऊन विझवायला पळायचं हे विसरा, त्यासाठी जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) आधीच काढलेली हवी आणि गावातल्या कुणाचा तरी फोन हवा.

किती जळालं ते बघायला मी सेंटिनेल-2 या युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो वापरतो, कोपर्निकस ब्राउझर या साइटवर, तेही फुकट. आगीच्या आधीची तारीख आणि नंतरची तारीख शेजारी लावायची, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा लेयर घ्यायचा, जळालेला पट्टा गडद दिसतो. काळी जमीन नांगरलेली असली तरी गडदच दिसते, पण नांगरटीच्या कडा सरळ असतात आणि वणव्याची कड वेडीवाकडी, कुठंतरी रस्त्याला नाहीतर ओढ्याला येऊन थांबलेली. हे लवकर करा, वाऱ्याने राख उडाली आणि एखादा वळीव पडला की खूण पुसली जाते.

दीड स्टार कापला तो मात्र वेगळ्याच कारणासाठी, आणि त्यात फर्म्सचा दोष पण नाही. जळालेला माळ पावसाळ्यात परत हिरवा होतो, नांगरलेला होत नाही. आणि नांगरट दाखवणारं असं तयार, सोपं काही हाताशी नाही. ग्लोबल फॉरेस्ट वॉच ही जंगलतोड दाखवणारी साइट उघडली तर तिथल्या झाडीच्या नकाशात 5 मीटरपेक्षा उंच झाडीच मोजतात, म्हणजे काळवीट-लांडग्यांचा अख्खा माळ जेसीबीने उलथला तरी नुकसान शून्य, आणि त्यावर ग्लिरिसिडियाची झाडं लावली तर उलट झाडी वाढली! ब्राझीलच्या इन्पे या अवकाश संस्थेने ॲमेझॉनसोबत सेराडो या तिथल्या गवताळ-झुडपी माळाचीही वेगळी मोजणी ठेवलीय, तिथं मूळचं गवत आणि झुडपं काढली तरी ती तोड म्हणून धरतात, उंचीची अट नाही. त्यांच्या टेराब्रासिलिस साइटवर नकाशे आहेत, भाषा पोर्तुगीज असली तरी कळतं, एकदा बघाच.