शाळेतल्या सणांची किटं: कंदील, शाडू आणि तिसरा खोका

जुलै लागला की शाळांच्या कार्यालयात उत्सव-किटवाल्यांची ये-जा सुरू होते. शाडूचा गणपती, आकाशकंदील आणि 'सर्वधर्म' म्हणून खपवला जाणारा तयार सजावटीचा खोका, असे तीन प्रकार हमखास दिसतात. शाळेत धार्मिक सण असावेत की नसावेत हा वाद जुनाच आहे. पण एका वर्गात हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन मुलं शेजारी-शेजारी बसत असतील, तर त्या वादाचं उत्तर बरंचसं यातलं कुठलं किट घेतलं त्यावर ठरतं. आमचं मत आधीच सांगतो: सण असावेत, पण हाताला काम देणारे, हात जोडायला लावणारे नकोत. त्या हिशेबाने कंदील पहिला, शाडू दुसरा आणि तिसरा खोका घेऊच नये.

कंदिलाच्या किटात ४५ सेंमीच्या १० कामट्या आणि १० सेंमीचे ५ तुकडे हवेत. खोका उघडल्याबरोबर त्या मोजा आणि एकेक वाकवून पाहा. ज्या कामटीच्या मधोमध पेर येतं ती तिथेच मोडते. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून १७ सेंमीवर पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे मधे ११ सेंमी उरतात. पाच कामट्या एकमेकींच्या वरून-खालून घालून चांदणी रचली की खुणेवर खूण बसली पाहिजे. नाही बसली, तर एक टोक लांब, दुसरं आखूड असा लंगडा प्रकार होतो आणि कागद लावताना तो लपत नाही. सातवी-आठवीला पंचकोन शिकवणाऱ्या बाईंनी हा तास मागून घ्यावा, इतकी भूमिती यात आहे.

अशा दोन चांदण्या झाल्या की आधी त्यांची पाचही टोकं जोडीने दोऱ्याने बांधायची आणि मगच आतल्या पाच फुल्यांच्या जागी १० सेंमीचे तुकडे आडवे सारून सांगाडा फुगवायचा. क्रम उलटा झाला तर टोकं एकत्र येत नाहीत, मुलं ओढाताण करतात आणि कामट्या तुटतात. माहितीपत्रकात हा क्रम चित्राने दाखवला नसेल तर फळ्यावर काढून द्या. कागदाचे २० त्रिकोण आणि २ पंचकोन कापावे लागतात. त्यातला मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेला चिकटवायचा, म्हणजे दिवा आत सोडता येतो. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की सुरकुततो आणि ताणला की फाटतो. एक कप पाण्याला तीन मोठे चमचे मैदा घेऊन, गुठळ्या मोडून, पारदर्शक होईपर्यंत शिजवला की खळ तयार. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत शाळेत अजिबात नको, ते विष आहे. दिवा ५ वॅटच्या आतला एलईडीच. सांगाडा थर्माकोलचा निघाला तर खोका तसाच परत करा. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

या किटाला पहिला नंबर द्यायचं कारण मात्र वेगळं. हाच सांगाडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीचा कंदील असतो आणि डिसेंबरात नाताळची चांदणी. वसईत किंवा गोव्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. कागद बदलायचा, कामट्या त्याच. खोक्यावर 'दिवाळी स्पेशल' छापलंय म्हणून नाताळला नवा खोका घेऊ नये.

शाडूचं काम जास्त अवघड आहे, हातालाही आणि शाळेलाही. पाच इंची मूर्तीला मळलेली माती पाऊण ते एक किलो लागते. अर्धा किलोचं पाकीट देऊन 'गणपती कार्यशाळा' म्हणणाऱ्यांकडे मूर्ती लहानच होते आणि सोंड पेन्सिलीएवढी बारीक निघून गळून पडते. आधी दीड सेंमी जाडीचा पाट, त्यावर मांडी, पोट, डोकं आणि शेवटी हात, कान, सोंड. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या ओढून मधे पातळ चिखल भरायचा. मुलं चिरा बुजवायला वरून पाणी थापतात, तिथेच बिघडतं: पाण्याने फुगलेला भाग वाळताना जास्त आकसतो आणि चीर परत येते. कान आधी सुटतात, कारण पातळ भाग लवकर वाळतो आणि जाड डोकं अजून ओलंच असतं. म्हणून पहिले दोन दिवस वर्तमानपत्र सैल झाकून सावलीत ठेवायचं, पंख्याखाली नाही. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत आठवडा तरी धरा. कार्यशाळा चतुर्थीच्या आदल्या दिवशी ठेवणारा आयोजक ओली मूर्ती मुलाच्या हातात देतो. रंग गेरू, हळद किंवा पोस्टर कलर. तैलरंग दिला की बादलीत माती विरघळत नाही.

शाळेपुढची खरी अडचण पुढे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माच्या दीक्षेत घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. मूर्ती घडवणंच मान्य नसलेली मुस्लिम घरंही आहेत. तेव्हा 'एखाद-दुसरं मूल बाजूला बसेल' हा अंदाज महाराष्ट्रातल्या बऱ्याच वर्गांत चुकतो, आणि बाजूला बसवणं हीच चूक आहे. त्याच टेबलावर, तेवढ्याच मातीत पणती, वाडगा किंवा पोळ्याचा बैल करता येतो. श्रावणी अमावास्येचा पोळा चतुर्थीच्या जरा आधीच येतो. आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा: साचा फक्त गणपतीचाच आहे का? 'हो' म्हणाला तर साच्याशिवाय नुसती माती मागा, स्वस्तही पडते.

तिसऱ्या खोक्यात पुठ्ठ्याचा चंद्र, जाळीची टोपी, कापसाची दाढी आणि चिकटपट्टी एवढंच असतं. टोपी घालून फोटो काढला की ईद झाली! त्या वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलीला मग 'तू सांग ना, तुमच्यात काय करतात' म्हणून पुढे उभं करतात; हा सण नव्हे, प्रदर्शन. शिवाय चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी आखूड, त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि छापील वेळापत्रक चुकतं. सोबत मिठाईचा डबा असेल तर तो नाकाराच. सुक्यामेव्याची ॲलर्जी खोक्यावर विचारून येत नाही.

काही पॅकेजांत पूजेचं ताट आणि आरतीची पत्रिकाही असते. इथे संविधानाचं कलम २८ बघावं लागतं. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पूजेला हजर राहायला लावायचं तर पालकाची संमती लागते. संमतिपत्रात 'हरकत असल्यास कळवा' असं लिहू नका, कारण हरकत लिहून द्यायला कुणी धजावत नाही. त्यात कृतींची यादी द्या, समोर चौकोन ठेवा, कारण विचारू नका. मूर्ती, पणती, बैल यांपैकी काय करणार, एवढंच पुरे.

किटाची किंमत विद्यार्थ्यामागे सांगतात. त्यात जीएसटी, ने-आण आणि साच्यांची अनामत धरलीय का, ते लेखी घ्या. पूर्ण मागणीआधी एकच नमुना मागवा, शाडूचा असेल तर मूर्ती करून ती शिपाईमामांच्या खोलीत आठ दिवस वाळवून पाहा.