गोठ्यालगतच्या पाण्यातून जैवविविधता तपासणी : सेवेचे परीक्षण
यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या म्हशींच्या गोठ्यालगतच्या शेततळ्यावर कोणकोणते वन्यजीव येतात, हे जाणून घेण्यासाठी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेची पर्यावरणीय डीएनए तपासणी सेवा घेतली. लाळ, विष्ठा आणि कातडीच्या पेशींतून पाण्यात उतरलेला डीएनए गाळून त्यावरून प्रजाती ओळखण्याची ही पद्धत आहे.

नमुना घेण्याच्या संचातील हातमोजे, सिरिंज आणि बंदिस्त गाळणी दर्जेदार होती. मात्र पाणी गढूळ व शेवाळलेले असल्याने ०.४५ मायक्रॉनची गाळणी लगेच तुंबली आणि दट्ट्या दाबून अंगठे भरून आले. अशा पाण्यासाठी मोठ्या छिद्रांची गाळणी देणे प्रयोगशाळेला अवघड नव्हते. शिवाय ऊन आणि उष्णता यांमुळे डीएनए झपाट्याने विघटित होत असताना, खानदेशात पारा ४५ अंशांकडे झुकतो त्या मे महिन्यातच नमुना मागवणे अनाकलनीय वाटले.

अहवालात मुंगूस, रानडुक्कर आणि पाणकोंबडी यांची नोंद मिळाली, हे समाधानकारक आहे. तथापि बहुतांश डीएनए म्हशींचाच निघाला (दुसरे काय निघणार!), पशुधनाच्या डीएनएच्या प्रती होऊ न देणारे प्रायमर (डीएनएचे छोटे कृत्रिम तुकडे) वापरले असते, तर विरळ प्रजातींना वाव मिळाला असता. संदर्भसंचात (ज्ञात प्रजातींच्या डीएनए नोंदींच्या संग्रहात) त्यांचे डीएनए अनुक्रम नसल्याने काही बेडूक केवळ कुळापर्यंतच ओळखले गेले. प्राण्यांची संख्या किती, किंवा डीएनए वरच्या नाल्यातून वाहून आला का, हे या तपासणीतून कळत नाही. सध्याच्या दरात ती एकट्या पशुपालकाला परवडणारी नाही. दूध संस्थेने सभासदांसाठी एकत्रित करार केल्यास विचार करावा.