बॉस सीई-२डब्ल्यू कोरस: काळ्या कपड्यांतल्या आवाजासाठी एक निळा डबा

लीड्सच्या ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ने १९९० नंतर एकही नवा स्टुडिओ अल्बम काढलेला नाही. तरी बँड दौरे करतो आणि लोक तिकिटं काढून जातात. ‘द क्युअर’चा नवा अल्बम २०२४ च्या नोव्हेंबरात आला, तोही आधीच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी, आणि ब्रिटनमध्ये सरळ पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. गॉथ म्हणतात त्या या उदास, काळोख्या रॉक संगीताचं वेड काही उतरत नाही. वेडे झालेल्यांपैकी जे स्वतः गिटार किंवा बेस वाजवतात, त्यांना एकच प्रश्न छळत असतो: तो गार, थरथरणारा, धुक्यापलीकडून आल्यासारखा आवाज काढायचा कसा?

बहुतेकांचं बोट कोरस पेडलकडे (गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्याकडे) जातं आणि त्यातही बॉसच्या सीई-२डब्ल्यूकडे. इथे या पेडलला फक्त त्याच एका कामासाठी तपासलं आहे. जॅझ किंवा फंकवाल्यांसाठी ते कसं आहे, हे त्यांनी पाहावं.

थोडी वंशावळ सांगितल्याशिवाय यातल्या खटक्याचा (स्विचचा) अर्थ लागत नाही. रोलँडने (बॉस हा त्याच कंपनीचा ब्रँड) १९७५ साली जेसी-१२० हा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, काढला. बारा इंची दोन स्पीकर, प्रत्येकाला साठ वॅट. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून गिटारचा मूळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून तोच आवाज किंचित उशिरा, सूर हलता ठेवून. दोन्हींची मिसळ खोलीतल्या हवेत होते. हेच सर्किट १९७६ मध्ये सीई-१ या पेडलमध्ये उतरलं. ते बॉसचं पहिलंच पेडल, मोठं, जड आणि थेट विजेच्या प्लगवर चालणारं. १९७९ मध्ये छोटं सीई-२ आलं: दोन नॉब, एकच आउटपुट, फिकट निळा रंग. ‘द क्युअर’च्या रॉबर्ट स्मिथचा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा गिटारचा आवाज जेसी-१२० शी जोडला जातो, आणि स्वस्तातल्या नव्या बँडांच्या पायाशी बॉसचे छोटे डबे असायचे. सीई-२डब्ल्यू २०१६ मध्ये आलं. त्यात सीई-२ आणि सीई-१ दोन्ही एकाच पेटीत आहेत. रंग अजून तोच फिकट निळा. पायात काळे बूट, अंगात काळा कोट आणि बुटाखाली आकाशी डबा, ही गंमत या संगीताच्या नशिबीच आहे.

आत काय चालतं? आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा गिटारचा सिग्नल एका चिपमधल्या छोट्या छोट्या साठ्यांतून पुढे सरकत जातो. जुन्या सीई-२ मधली एमएन३००७ ही चिप १०२४ टप्प्यांची होती. टप्प्यांची संख्या भागिले घड्याळाच्या (सिग्नलला टप्प्याटप्प्याने पुढे ढकलणाऱ्या विजेच्या ठोक्यांच्या) वेगाची दुप्पट, हा उशिराचा हिशेब. म्हणजे घड्याळ १०० किलोहर्ट्झवर असेल तर सुमारे ५.१ मिलिसेकंद. घड्याळाचा वेग हळूहळू कमीजास्त केला की उशीर बदलतो, आणि उशीर बदलत असताना सूर वरखाली हलतो. ही हलती प्रत मूळ आवाजात मिसळली की झाला कोरस. तानपुऱ्याची जोड जुळवताना दोन तारांमध्ये केसाएवढा फरक राहिला की सूर जसा लाटेसारखा हलतो, किंवा दुहेरी सुरांच्या पेटीत दोन रीड सुरात एकमेकांपासून किंचित सरकले की जसा भरीवपणा येतो, तेच इथे विजेवर होतं.

नॉब दोनच, रेट (सूर किती वेगाने हलतो) आणि डेप्थ (किती हलतो). जोडीला तीन जागांचा खटका: एस म्हणजे सीई-२, मग सीई-१ चा कोरस, आणि सीई-१ चा व्हायब्रेटो. व्हायब्रेटोमध्ये मूळ आवाज बाद होतो आणि फक्त हलती प्रत उरते. मूळ आवाज आणि प्रत यांचं प्रमाण बदलायला नॉब नाही आणि टोनचाही नाही. पेडलची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे, आणि बेसवर ती चांगलीच नडते. डेप्थ शून्यावर नेली तरी पेडल पुरतं गप्प बसत नाही. उशिराने येणारी प्रत मिसळलेलीच राहते आणि आवाज जरा पोकळ होतो.

आधी गिटार. नॉबच्या जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगायच्या तर खटका एसवर, रेट नऊ ते दहाच्या मध्ये, डेप्थ एकच्या आसपास. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक), शक्यतो एका गुंडाळीचा, म्हणजे सिंगल कॉइल. अँप स्वच्छ, त्याचा बासचा (खालच्या सुरांचा) नॉब दहाच्या पुढे नको. पूर्ण कॉर्ड झोडपण्याऐवजी तारा सुट्या छेडा, वरच्या दोन तारा मोकळ्या ठेवा आणि खालच्या तारांवर बोट सरकवत न्या. मोकळ्या तारांचा सूर जागेवर राहतो, खालचा बदलत जातो आणि कोरस त्या दोघांमधली जागा भरून काढतो. या आवाजाचं निम्मं काम बोटांच्या या मांडणीत होतं, पेडल नंतर येतं. हंबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर) हेच वाजवलं तर आवाज गढूळ होतो. तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम आठवर आणा आणि अँपचा ट्रेबल थोडा वाढवा.

नेहमीची चूक म्हणजे डेप्थ तीनच्या पुढे नेणं. घरी एकट्याने वाजवताना ते झकास वाटतं. बँडमध्ये शिरल्यावर मात्र गिटार सतत बेसुरी ऐकू येते, कारण बाकीच्यांचा सूर स्थिर असतो आणि तुमचा भटकत असतो. गायक खर्जात गाणारा असेल, आणि गॉथमध्ये तो असतोच, तर त्यालाही सूर पकडता येत नाही. पेडल बंद करून ट्यून करा, तारा ताज्या ठेवा. जुन्या तारांचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) मेलेले असतात, आणि कोरसला चमकवायला नेमकं तेच लागतं.

पेडलांचा क्रम असा: डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं), मग कोरस, मग डीले (प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब (खोलीची घुमार). कोरस डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर हलते सूर एकमेकांवर घासून चिखल होतो. डीलेचा वेळ अंदाजाने नको, गणिताने धरा. ड्रम मशीन मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची होते आणि पाऊण मात्रा ३२१ ची. पाऊण मात्रेवर दोन-तीन पुनरावृत्त्या ठेवल्या की एक गिटार दोघींसारखी धावते. ड्रम मशीनचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, सिस्टर्सच्या ‘डॉक्टर अ‍ॅव्हेलांच’ची (त्यांनी आपल्या ड्रम मशीनला दिलेलं नाव) पहिली काया म्हणजे बॉसचंच डीआर-५५: किक, स्नेअर, रिमशॉट आणि हाय-हॅट, एवढे चारच आवाज. ड्रम मशीन किंवा कीबोर्ड या कोरसमधून न्यायचा मोह झाला तर आधी त्यांचा आउटपुट निम्म्याखाली आणा. पेडल गिटारच्या सिग्नलसाठी आहे, अशा यंत्रांच्या लाइन लेव्हल सिग्नलचा जोर त्याला सोसत नाही आणि आवाज फाटतो.

आता बेस. गॉथमध्ये चाल बऱ्याचदा बेसच सांभाळतो आणि गिटार वरून नक्षी काढते, म्हणून बेसला कोरस हवाच. पण हे पेडल तिथे नॉब न शिवता चालत नाही. कारण हिशेबात आहे. पाच मिलिसेकंद उशिराची प्रत मूळ आवाजात मिसळली की १०० हर्ट्झला आवाज कापला जातो, मग ३००, ५०० असा. उशीर हलता असल्यामुळे ही कापाकापीही वरखाली सरकते. बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झची आणि ए ५५ ची. त्यांचा पाया आणि पहिले उपस्वर या सरकत्या खड्ड्याच्या वाटेतच येतात. मग एक स्वर दणकून येतो, पुढचा गिळला जातो, आणि वाटतं की वाजवणाऱ्याचा हात कच्चा आहे. ‘जी’ या बारीक तारेवर बाराव्या पडद्याच्या वर, १९६ हर्ट्झच्या पुढे गेलात की पहिला खड्डा खाली राहतो. वरचे खड्डे मग एकेका उपस्वराला चाटून जातात आणि तो झिरमिर आवाज मिळतो.

म्हणून रेट नऊवर, डेप्थ अकराच्या पुढे नाही, वाजवणं ‘डी’ आणि ‘जी’ तारांवर, पिकने, ब्रिजच्या जवळ. तारा राउंडवूंड (गोल तार गुंडाळलेल्या, खडबडीत) आणि नव्या. कोरसच्या आधी एक कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारं पेडल). तळ टिकवायचा असेल तर सिग्नल दोन वाटांनी न्या, एक सरळ अँपला आणि दुसरी पेडलमधून, आणि पेडलच्या वाटेचा बास मिक्सरवर १५० हर्ट्झखाली कापा. एवढी यातायात नको असेल तर एमएक्सआरचं एम२३४ अ‍ॅनालॉग कोरस घ्या. त्यात लेव्हल आहे आणि लो-हायचे वेगळे नॉब आहेत. निव्वळ बेस वाजवणाऱ्याने सीई-२डब्ल्यू घेऊ नये, असंच आमचं मत.

आणि जी गोष्ट हे पेडल देऊच शकत नाही, ती म्हणजे फ्लँजर. ‘सूझी अँड द बॅन्शीज’च्या १९८१ च्या ‘जूजू’वर जॉन मॅकगिओकच्या गिटारचा जो धातूसारखा वळसा आहे, त्यामागे एमएक्सआरचा फ्लँजर आहे. फ्लँजरमध्ये उशीर कोरसपेक्षा कमी असतो आणि बाहेर पडणारा आवाज पुन्हा आत सोडला जातो. सीई-२डब्ल्यूमध्ये ही परत फिरवण्याची सोयच नाही, त्यामुळे रेट-डेप्थ कितीही फिरवा, तो आवाज निघणार नाही. ऐंशीच्या गॉथची पुष्कळ गिटार आणि बेस ‘कोरस’ समजून ऐकली जाते आणि प्रत्यक्षात ती फ्लँजरची असते. पैसे एकाच पेडलपुरते असतील तर आधी आवडत्या पाच ध्वनिमुद्रणांमध्ये कान देऊन ऐका: आवाजात विमान वळल्यासारखी शिट्टी असेल तर फ्लँजर, नुसता रुंद थरार असेल तर कोरस.

सीई-१ चा कोरस एसपेक्षा भरीव आणि पसरट आहे. दोन आउटपुट दोन अँपना जोडून खटका तिथे ठेवला की जेसी-१२० च्या अगदी शेजारी पोचता येतं. पैशाचं खरं चीज इथे होतं. एकच अँप असेल तर फक्त ए आउटपुट वापरा, आणि मग एसच पुरेसा आहे. व्हायब्रेटो रेट आठवर आणि डेप्थ दहावर ठेवून संथ गाण्याच्या सुरुवातीला चार ओळी वाजवाव्यात. ओलसर तळघरात पडून राहिलेल्या कॅसेटसारखा आवाज येतो.

विजेचं बघा. नऊ व्होल्ट, मधलं टोक ऋण. एकाच स्वस्त अडॅप्टरवरून माळेसारखी सगळी पेडलं चालवली आणि त्यात दुसरं अ‍ॅनालॉग डीले असलं, तर दोघांची घड्याळं एकमेकांत मिसळून बारीक शिट्टी ऐकू येते. पेडल बिघडलं समजून लोक परत करतात. उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळा, आयसोलेटेड आउटपुट. बॅटरीवर वापरत असाल तर काम झाल्यावर इनपुटची पिन काढा, कारण पिन आत असली की पेडल चालूच राहतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर पडून राहिलेल्या पेडलचे नॉब खरखरायला लागतात. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणं, एवढ्यावर सहसा भागतं.

जुनं सीई-२ वापरलेलं मिळत असेल तर खालचं लेबल वाचा. एसीए लिहिलं असेल तर ते जुन्या, प्रत्यक्षात बाराच्या आसपास व्होल्ट देणाऱ्या अडॅप्टरसाठी बनलेलं आहे. आजचा नऊ व्होल्टचा पीएसए अडॅप्टर लावला की दिवा मिणमिणतो आणि आवाज मरगळतो. विकणारा ‘जरा दुरुस्ती लागेल’ म्हणत असेल तर आत नवी बॅटरी टाकून पाहा. दिवा लख्ख पेटला तर दोष अडॅप्टरचा, आणि भाव करायला तुम्ही मोकळे.

किमतीत सीई-२डब्ल्यू बॉसच्याच सीएच-१ पेक्षा बरंच महाग पडतं. सीएच-१ ला लेव्हल आणि ईक्यू आहे, आवाज जास्त स्वच्छ आणि काचेसारखा आहे. ऐंशीचा मऊ काळोख मात्र त्यात नाही. दोन अँप किंवा स्टिरिओ रेकॉर्डिंगची सोय असलेल्या गिटारवाल्याने सीई-२डब्ल्यू डोळे मिटून घ्यावं. एकच अँप असलेल्याने सीएच-१ घेऊन उरलेल्या पैशांत वापरलेला फ्लँजर शोधावा.