रिलेची सेटिंग पॅनलवरून बदलू की लॅपटॉपवरून?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये असाल तर हा प्रश्न पडतोच, 11 केव्हीच्या रिलेत (फॉल्ट आला की ब्रेकर पाडणाऱ्या प्रोटेक्शनच्या उपकरणात) दोन आकडे बदलायचेत तर समोरच्या बटणांवर उरकू की लॅपटॉप जोडू. माझं सरळ मत, एक-दोन आकडे असतील तर बटणं ठीक, त्यापुढे लॅपटॉपच.

बटणांवर केबल नको, सॉफ्टवेअर नको, पण एंटर मारला म्हणजे सेव्ह झालं असं धरून चालू नका. मायकॉम कंपनीच्या नावाने येणाऱ्या पी40 सिरीजच्या रिलेमध्ये प्रोटेक्शनचे बदल आधी नुसते बाजूला धरून ठेवले जातात, मेनूतून वर आलात की अपडेट करू का विचारतो, एंटर म्हणजे हो, क्लिअर म्हणजे सगळे रद्द. ही सोय खरंच चांगली आहे कारण पिकअप (ज्या करंटला रिले जागा होतो तो आकडा) नवा आणि टाइम जुना अशी अर्धवट अवस्था चालू फीडरवर, म्हणजे वीज नेणाऱ्या लाइनवर, येत नाही. मात्र कंट्रोल आणि सपोर्टच्या सेटिंग तिथे न विचारता लगेच लागू होतात, त्यामुळे तिथे हात जपून.

आमच्याकडे इनकमरचा (प्लँटला वीज आणणाऱ्या मुख्य ब्रेकरचा) टीएमएस, म्हणजे ट्रिपला किती वेळ लागेल ते ठरवणारा गुणक, 0.10 चा 0.20 करायचा होता, आकडा टाकला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून बाजूला गेलो, वीस मिनिटांनी आलो तर डिस्प्ले नेहमीच्या स्क्रीनवर, वाटलं झालं काम. मेनू टाइमआउट होऊन बदल कधीच रद्द झाला होता. शटडाऊनला सेकंडरी इंजेक्शन (रिलेला बाहेरून टेस्ट करंट देऊन वेळ मोजणं) केलं, पिकअपच्या 10 पट करंटला 0.6 सेकंद यायला हवे होते, आले 0.3, म्हणजे पुढे वीज नेणाऱ्या आउटगोइंग फीडरच्या रिलेच्या बरोबरीनेच. तेवढे दिवस एका फीडरच्या फॉल्टवर अख्खा प्लँट बंद पडला असता.

लॅपटॉपवर तसं होत नाही, फाइल पाठवेपर्यंत रिलेला कशाचा पत्ताच नसतो, नको असेल तर फाइल बंद करा, विषय संपला. जुनी-नवी फाइल शेजारी लावून फरकही बघता येतो. धोका वेगळा आहे, पूर्ण फाइल जाते, त्यामुळे मागच्या वर्षीची फाइल चुकून पाठवली तर मधले सगळे बदल पुसले जातात आणि तिथे क्लिअरचं बटण नाही. म्हणून आधी रिलेतून चालू सेटिंग काढून तारीख घालून ठेवा, मग त्याच फाइलमध्ये बदल करा.

आणखी एक, काही रिले सेव्ह करताना क्षणभर प्रोटेक्शन बंद ठेवतात, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि कुठूनही बदला, शेवटी तो आकडा रिलेतून परत वाचून वहीत लिहा, मगच पॅनलचं दार लावा.