एस-व्हिडिओ की फायरवायर? कॉम्प्युटरमधला व्हिडिओ डीव्हीडी रेकॉर्डरवर नेताना

एडिट केलेला व्हिडिओ डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवायचा तर मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय: ग्राफिक्स कार्डाच्या टीव्ही-आउटमधून एस-व्हिडिओ (ॲनालॉग चित्राची केबल), आणि फायरवायर या डिजिटल केबलवरून रेकॉर्डरचं डीव्ही-इन (डीव्ही, म्हणजे टेपवाल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा व्हिडिओ फॉरमॅट, आत घेणारं सॉकेट). मग कॉम्प्युटरवरच डीव्हीडी का बर्न करत नाही? कधीमधी करतो, पण व्हिडिओ डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलणाऱ्या, रात्रभर चालणाऱ्या एन्कोडिंगचा मला कंटाळा आहे. रेकॉर्डर तेच काम व्हिडिओ चालू असतानाच उरकतो.

एस-व्हिडिओचं मोठं सुख म्हणजे फाइल कुठल्याही फॉरमॅटची असो, प्लेअरमध्ये चालली की काम झालं. आवाज या केबलमधून जात नाही, त्यासाठी हेडफोनच्या सॉकेटमधून लाल-पांढऱ्या पिनांची वेगळी वायर लागते. माझ्या पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत बारीक घुं ऐकू येत होतं. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ते थांबलं. मग काय, तासाभराचं रेकॉर्डिंग बॅटरीवर, आणि माझी नजर बॅटरीच्या टक्क्यांवर.

हेही चालवून घेतलं असतं. मन उडालं ते झोपाळ्यामुळे. भाचीचा झोपाळ्यावरचा एक शॉट आहे. कॅमेऱ्यातून थेट टीव्हीवर लावला की झोका कसा अलगद जातो-येतो. एस-व्हिडिओने केलेल्या डीव्हीडीवर मात्र झोका ऐन वेगात असताना दर वेळी मधेच अडखळायचा आणि साखळ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसायचे. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात. प्लेअर त्यांची जोडून २५ चित्रं करतो, कार्ड ती टीव्हीच्या मापात बसवायला पुन्हा ताणतं, आणि या उठाठेवीत फील्डची सरमिसळ होते. प्लेअर बदलला, रिफ्रेश रेट ५० वर आणला, टीव्हीवरचा लुकलुकाट कमी करणारा कार्डाचा फ्लिकर फिल्टर बंद केला. अडखळणं कमी झालं, गेलं नाही. एकदा दिसलं की नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते. घरच्यांना काही खुपलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

फायरवायरवर हा प्रश्नच येत नाही, कारण फील्ड जशीच्या तशी पोचतात. त्रास वेगळा आहे. फाइल डीव्हीच लागते, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. शिवाय माझ्या रेकॉर्डरने कॉम्प्युटरला ओळखच दिली नाही. त्याला समोर कॅमेराच हवा होता. शेवटी व्हिडिओ आधी कॅमेऱ्यातल्या मिनीडीव्ही टेपवर परत लिहिला आणि मग कॅमेरा रेकॉर्डरला जोडला. म्हणजे तासाच्या व्हिडिओला दोन तास. कॅमेऱ्याचं डीव्ही-इनही चालू असावं लागतं; युरोपात विकलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बंद केलेलं असायचं, तेव्हा जुना कॅमेरा घेताना बघून घ्या. पण पहिल्या तासात शेजारी बसावं लागत नाही, दुसऱ्या तासात टेप चालू-बंद करायचं काम रेकॉर्डरच करतो, आणि एडिट केलेली एक प्रत आपसूक टेपवर राहते. मला तरी हे दोन तास जड वाटत नाहीत.

तुमच्या फाइल्स इकडूनतिकडून गोळा केलेल्या असतील, किंवा एका जागी बसून बोलणाऱ्या माणसांच्या असतील, तर एस-व्हिडिओ बहुधा पुरेल. पळती मुलं, नाच, खेळ असं काही असेल तर मी टेपचा वळसा घेईन. ठरत नसेल तर सगळ्यात जास्त हालचालीची २ मिनिटं दोन्ही वाटांनी एकाच डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा वापरता येणारी डीव्हीडी) उतरवा आणि मोठ्या टीव्हीवर बघा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ते दाते कदाचित दिसायचेही नाहीत.